पाय काढला तरी ब्रेक लाइट बंद होत नाही? आधी पेडल हाताने वर उचलून बघा

कागलच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. संध्याकाळी गोकुळ शिरगावहून कामावरून आल्या, गाडी लावली, चावी काढली, दारं लॉक केली, तरी मागची ब्रेक लाइट लागलेलीच. दोन्ही बाजूंची, आणि काचेतली वरची तिसरीसुद्धा. सकाळी बॅटरी डाऊन, गाडी ढकलून चालू करावी लागली. गॅरेजवाल्याने ब्रेक लाइटचा स्विच बदलून दिला, दोन-तीन दिवस बरे गेले आणि परत तेच सुरू झालं. ब्रेकच्या पेडलखाली मॅटवर प्लास्टिकचे चुरा झालेले तुकडे दिसले, त्याचा काही संबंध आहे का, असं त्या विचारतात. शिवाय पुढच्या आठवड्यात गगनबावड्यावरून खाली वैभववाडीला जायचं आहे, तोवर ब्रेक लाइटचा फ्यूज काढून गाडी चालवली तर चालेल का?

ताई, फ्यूज काढून गाडी अजिबात चालवू नका. आणि ते तुकडे टाकून देऊ नका, तुमचा दोष बहुतेक त्यातच आहे.

ब्रेक लाइटचा स्विच पेडलच्या वरच्या बाजूला, डॅशबोर्डच्या आत एका पत्र्याच्या ब्रॅकेटवर बसवलेला असतो. आपण पेडल दाबतो तेव्हा स्विच दाबला जातो आणि लाइट लागते, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात उलटं आहे. पाय काढलेला असतो तेव्हा पेडलचा दांडा वर येऊन स्विचची पिन आत दाबून धरतो, आणि पिन आत आहे तोवर लाइट बंद राहते. पाय ठेवला की दांडा पिनपासून लांब जातो, आतल्या स्प्रिंगने पिन बाहेर येते, पॉइंट जुळतात आणि लाइट लागते. पिन दाबायला समोर काही उरलंच नाही, तर स्विचच्या दृष्टीने तुमचा पाय रात्रभर ब्रेकवरच आहे.

आता दांड्यावर जिथे पिन टेकते ती जागा बघा. कंपनीने तिथे पत्र्याला एक भोक ठेवलेलं असतं आणि त्या भोकात प्लास्टिकचं किंवा रबराचं बटण दाबून बसवलेलं असतं. त्याला आम्ही स्टॉपर म्हणतो. पिन या बटणावर टेकते, पत्र्यावर नाही, म्हणजे आवाज होत नाही आणि पिन घासत नाही. हे बटण सात-आठ वर्षांत वाळतं. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी दिवसभर बाहेर उभी असेल तर ते आणखी लवकर कडक होतं आणि एक दिवस बिस्किटासारखं फुटतं. बटण गळून पडलं की पिन सरळ त्या रिकाम्या भोकातून आरपार जाते. स्विच नवा असो की जुना, पिन दाबणारं कोणी नसल्यामुळे लाइट लागलेलीच राहते.

तुमचा नवा स्विच दोन-तीन दिवस का चालला, तेही यावरून कळतं. बटण तेव्हा तडकलेलं असणार, पण अर्धंमुर्धं जागेवर असणार. नव्या स्विचच्या स्प्रिंगला जोर जास्त, तिने रोज ठोकून उरलेला तुकडाही पाडला.

खात्री करायला कोणतंही हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी भिंतीकडे पाठ करून लावा, म्हणजे लाइटचा लाल उजेड भिंतीवर दिसेल. ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवा, मोबाइलचा टॉर्च लावून डोकं पेडलपाशी घाला. प्रथम पेडल हाताने वर ओढा. पेडल वर जात असेल आणि लाइट विझत असेल, तर पेडल पूर्ण परत येत नाही किंवा स्विचचं सेटिंग ढळलंय. पेडल आधीच पूर्ण वर असेल आणि ओढून काही फरक पडत नसेल, तर दांडा आणि पिन यांच्यामध्ये बोटाचं टोक किंवा एखादी जाड प्लास्टिकची पट्टी घालून पिन आत दाबा. लाइट लगेच विझली तर स्विच चांगला आहे, वायरिंग चांगलं आहे, गेलाय तो फक्त स्टॉपर. पिन पूर्ण दाबूनही लाइट जात नसेल तर स्विचचा कपलर, म्हणजे त्याला वायर जोडणारा प्लग, काढा. कपलर काढल्यावर विझली तर स्विच आतून चिकटलाय. कपलर काढूनही लागलेलीच असेल तर पेडलचा नाद सोडा आणि मागे डिकीकडे जा, दोष वायरिंगमध्ये आहे.

हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते स्विच आधी बदलण्यात. पेडल उचलणे, पिन दाबणे, कपलर काढणे, ही तिन्ही कामं मिळून पाच मिनिटांची आहेत आणि त्यांना खर्च नाही. गॅरेजमध्ये गेल्यावर सुद्धा "स्विच बदला" असं न म्हणता "पिन दाबून बघितलंत का?" असं विचारा. चांगला माणूस लगेच खाली वाकेल.

स्टॉपर मिळतो कसा? गाडीचं मॉडेल आणि साल सांगून स्पेअर पार्टच्या दुकानात मागा. वस्तू अगदी किरकोळ किमतीची आहे. तुमचे तुकडे बरोबर न्या, कारण भोकाचा व्यास आणि बटणाची जाडी दोन्ही जुळायला हवं. बटण पातळ मिळालं तर पिन पूर्ण दबणार नाही आणि लाइट मंद-मंद चालू-बंद होत राहील. बसवण्याआधी गरम पाण्यात दोन मिनिटं टाका, मऊ होतं आणि अंगठ्याच्या जोराने किंवा पकडीने भोकात जातं. मागच्या बाजूने त्याची कड उघडून बसली का, हे बोट फिरवून बघा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात निसटेल. क्लचच्या पेडलवर असंच बटण असेल तर तेही सोबत बदलून टाका. दोन्ही एकाच वयाची असतात. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तिथे क्लचच्या बटणाच्या दोषामुळे गाडीच्या वागण्यात भलतेच घोळ दिसतात.

बटण मिळेपर्यंतचा तोडगा म्हणून भोकातून एक आखूड बोल्ट घालून मागून नायलॉकचा (आत नायलॉनचं कडं असलेला, थरथरून न सुटणारा) नट आवळतात, बोल्टचं गोल डोकं पिनकडे. शहरापर्यंत यायला हे चालतं. पण साधा नट लावू नका. तो थरथरून सुटला तर पेडलच्या आसपास पडतो, आणि ब्रेकच्या पेडलखाली सुटं लोखंड फिरणं मला मान्य नाही. शिवाय लोखंडी डोकं प्लास्टिकच्या पिनला झिजवतं. भोकावर टेप चिकटवणे, एम-सील लावणे, नाणं चिकटवणे, हे प्रकार मी गाडीतून काढून टाकत आलोय. गरमीत डिंक सुटतो आणि त्याच रात्री बॅटरी जाते. काहीजण कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नरकडून नायलॉनचं बटण करून घेतात. आपल्या गावात लेथवर काय होत नाही! माप नीट दिलं तर तो तुकडा कंपनीच्या बटणापेक्षा जास्त टिकतो, याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या, पार्ट न मिळणाऱ्या गाडीला तोच मार्ग बरा.

आता ज्या चुकीची मला खरी काळजी वाटते ती सांगतो. बऱ्याच गाड्यांत स्विचवर आटे असतात आणि त्याला जागेवर पक्कं धरणारा चेकनट असतो. लाइट जात नाही म्हटल्यावर स्विच आटे फिरवून खाली सरकवतात, पिन दबते, लाइट विझते, गिऱ्हाईक खूश होतं. पण स्विच प्रमाणापेक्षा खाली आला तर त्याचं अंगच पेडलच्या दांड्याला टेकतं आणि पेडल किंचित दाबून धरतं. पेडलला सुरुवातीला जी थोडी मोकळी चाल हवी, ती संपते. ती चाल यासाठी असते की मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाचा, पिस्टन पूर्ण मागे यावा आणि ऑइलला टाकीकडे परत जायची वाट उघडी राहावी. ती वाट अर्धवट बंद राहिली तर गरम झालेलं ऑइल फुगून पॅड स्वतःच डिस्कवर दाबतं. पॅड घासले की आणखी गरम, आणखी दाब. सपाट रस्त्यावर एवढंच जाणवतं की गाडी ओढत नाही आणि ॲव्हरेज पडलंय. गगनबावड्याहून वैभववाडीला उतरणाऱ्या करूळ घाटात मात्र याच गाडीचे ब्रेक उतारावर आधीच तापलेले असतात, आणि जिथे ते सगळ्यात जास्त लागतात तिथे ते कमी लागायला लागतात.

तेव्हा स्विचचं सेटिंग असं करा: स्टॉपर जागेवर आहे, पेडल पूर्ण वर आहे, पिन दबलेली आहे, आणि स्विचच्या अंगात व बटणात साधारण एक मिलिमीटरची फट आहे. नेमकं माप गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेच धरा. नव्या गाड्यांत पाव आट्यात फिरवून बसणारे स्विच असतात, ते बसवताना स्वतः माप घेतात. त्यातले पुष्कळसे एकदाच माप घेतात. काढून पुन्हा बसवले तर नीट बसत नाहीत, नवाच टाकावा लागतो. शेवटी पेडल बोटाने हळू दाबा. ब्रेक धरायच्या आधी, पहिल्या थोड्याशा हालचालीतच लाइट लागली पाहिजे आणि बोट सोडताच विझली पाहिजे.

पेडलच परत येत नसेल तर गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. पेडल ज्यावर फिरतं त्या पिव्हटचं बुश सुकलेलं असतं, पावसाळ्यात बुटांबरोबर आलेला चिखल आणि पाणी तिथे जाऊन गंज धरलेला असतो, किंवा रिटर्न स्प्रिंग ढिली पडलेली किंवा निसटलेली असते. पिव्हट साफ करून ग्रीस लावलं की बरेचदा भागतं. वरून टाकलेली जाड मॅट पेडलला अडते का तेही बघा. बूस्टर (ब्रेकला जोर देणारा भाग) किंवा मास्टर सिलिंडरचं काम झाल्यानंतर लगेच लाइट जळत राहायला लागली असेल, तर पेडलचा जोर पुढे नेणाऱ्या पुशरॉडची लांबी चुकलीय असं समजा आणि ज्याने काम केलं त्याच्याकडेच परत जा. अशा वेळी लाइट विझवणं हे काम नाही. पेडल पूर्ण वर येत नाही हे ती तुम्हाला सांगतेय, आणि ते तिथेच दुरुस्त व्हायला हवं.

कपलर काढूनही लाइट जळते, तेव्हा काय? इथे दोन प्रश्न महत्त्वाचे. एक, तिसरी, वरची लाइटही लागते का? दोन, पार्किंग लाइट बंद केल्यावर काय होतं? वरच्या लाइटमध्ये फक्त ब्रेकचा दिवा असतो, टेलचा नसतो. पार्किंग बंद आहे आणि वरचीही लागलीय, तर ब्रेकच्या वायरला बॅटरीचा करंट कुठूनतरी सरळ मिळतोय. ताईंच्या गाडीत तिसरी लागते, गाडी बंद असताना लागते, म्हणूनच मी पेडलकडे बोट दाखवलं. पण लाइट पार्किंग लावल्यावरच लागत असेल, मग ती एकाच बाजूची असो की वरचीसुद्धा मंद पेटत असो, तर मागचे बल्ब, होल्डर आणि अर्थ (बल्बपासून गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर) तपासा.

तो बल्ब हातात घेऊन बघण्यासारखा असतो. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, एक २१ वॅटचं ब्रेकसाठी, एक ५ वॅटचं टेलसाठी. उजेडाकडे धरून फिरवा. खड्ड्यांनी बारीक फिलामेंट तुटून त्याचं टोक जाड्यावर जाऊन चिकटलेलं कधीकधी दिसतं. मग टेलचा करंट त्या वाटेने ब्रेकच्या वायरमध्ये शिरतो आणि दुसऱ्या बाजूची, वरची लाइटही मंद पेटते. बल्बच्या बुडाच्या दोन बारीक खिळ्या वर-खाली असतात, त्या मुद्दाम तशा ठेवलेल्या, बल्ब उलटा बसू नये म्हणून. तरी कोणीतरी जोर लावून उलटा घुसवलेला किंवा एकाच फिलामेंटचा बल्ब कोंबलेला सापडतो. अर्थ गेला असेल तर करंटला बॉडीकडे जायला वाट नसते, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. इंडिकेटर लावला की ब्रेक लाइटही लुकलुकते, असा विचित्र खेळ तेव्हा दिसतो. अर्थचा बोल्ट काढा, रिंग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, आवळून वर थोडं ग्रीस लावा.

वायरिंगचा शॉर्ट शोधताना माझा हात आधी जातो तो बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे. मागच्या बंपरला लावलेल्या लाल एलईडी रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, फ्लॅशर, रिव्हर्स कॅमेरा. या सगळ्यांची वायर टेल लॅम्पच्या वायरला सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळून जोडलेली असते. टेप उन्हात सुटते, टेलची आणि ब्रेकची वायर एकमेकींना टेकते. शोधायचं असेल तर बाहेरचा प्रत्येक जोड एकेक करून सोडवत जा आणि लाइट कधी विझते ते बघा. दुसरी जागा म्हणजे डिकीचं झाकण. बॉडीतून झाकणात जाणारी वायर एका रबरी नळीतून जाते. झाकण हजारो वेळा उघडून-मिटून आतली वायर तिथेच तडकते. नळी सरकवून बघा, उघडं तांबं दिसेल.

आपल्याकडे आणखी दोन कारणं आहेत. उसाच्या शेताजवळ, गुऱ्हाळाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून विकल्या गेल्या. त्यांच्या कार्पेटखालचे कपलर उघडले की पितळेवर हिरवा थर दिसतो, आणि तो थर दोन पिनांच्या मध्ये ओला झाला की करंट इकडून तिकडे जातो. जुनी गाडी घेतली असेल आणि लाइट फक्त पावसात जळत राहत असेल तर कार्पेट उचलून बघा.

काही गाड्यांत ब्रेक लाइटला वेगळा रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच) असतो, त्याचे पॉइंट चिकटतात. त्याच नंबरचा शेजारचा रिले अदलून बघितलं की कळतं. ज्या गाड्यांत लाइट कॉम्प्युटर मॉड्यूलमधून जाते त्यांना स्कॅनर लावा. पी०५७१ किंवा पी०५०४ असा दोषाचा कोड आला तर तो पुन्हा ब्रेकच्या स्विचकडेच नेतो, मॉड्यूल बदलायची घाई करू नका. जुन्या जीपला पेडलवर स्विच नसून ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच असतो, तिथे स्टॉपरचा विषयच नाही. तो स्विच तरी चिकटलाय, नाहीतर लाइनमध्ये दाब अडकलाय.

स्विचचा दोष लाइटपुरताच राहत नाही, हेही लक्षात असू द्या. पाय सतत ब्रेकवर आहे असं गाडीला वाटत राहिलं की क्रूझ कंट्रोल लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ब्रेक न दाबताच पार्कमधून निघतो, जे लहान मुलं गाडीत असताना धोक्याचं आहे. काही गाड्यांत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबल्यासारखं वाटून इंजिन पिकअप कापतं, आणि माणूस डिझेल फिल्टर बदलत बसतो.

बॅटरीचं गणित सोपं आहे. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर, वरची लाइट वेगळी. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते. कागदावर दहा तास, पण स्टार्टर फिरवायची ताकद त्याच्या बरीच आधी संपते. म्हणजे रात्री आठला लावलेली गाडी सकाळी सहाला चालू होणार नाही. अशी बॅटरी दोन-चार वेळा पूर्ण उतरली की तिचं आयुष्य कायमचं घटतं, म्हणून ताई, आज रात्रीपासून गाडी लावल्यावर स्विचचा कपलर काढून ठेवा किंवा ब्रेक लाइटचा (स्टॉप लाइटचा) फ्यूज काढा, आणि सकाळी निघण्याआधी परत लावा. स्टेअरिंगवर कागदाची चिठ्ठी अडकवून ठेवा, म्हणजे विसरणार नाही. ढकलून चालू केल्यावर थोड्या अंतरात बॅटरी भरत नाही, चार्जरवर लावून घ्या.

फ्यूज काढून गाडी का चालवायची नाही? कारण मागच्याला तुम्ही थांबताय हे कळायला दुसरं काही नाही. हंगामात कागल-राधानगरी बाजूला रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागे अचानक ब्रेक मारावा लागतो, गगनबावड्यात पावसाळ्यात धुक्यात समोरच्या गाडीचा लाल ठिपकाच तेवढा दिसतो. लाइट सतत जळत राहणंही जवळपास तितकंच वाईट, मागचा ड्रायव्हर तिच्याकडे लक्ष द्यायचं सोडतो. शिवाय अनेक गाड्यांत त्याच फ्यूजवर हॉर्न किंवा आणखी काही असतं.

वैभववाडीला जायच्या आधी एवढं करून घ्या. स्टॉपर नवा बसवा. मग गॅरेजवाल्याने बसवलेला स्विच पुन्हा सेट करायला सांगा; हे विसरू नका, कारण तो फुटक्या बटणावर सेट केलेला आहे, आणि पूर्ण जाडीचं बटण आलं की तोच पेडल दाबून धरू शकतो. नंतर चारही चाकं एकेक करून जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा, पेडल दोन-तीनदा दाबून सोडल्यावर पुन्हा फिरवा. मोकळी फिरली पाहिजेत. मग हायवेवर थोडी चक्कर मारा, जोरात ब्रेक न मारता थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक त्याच्या जोडीच्या दुसऱ्या बाजूच्या चाकापेक्षा जास्त गरम लागलं तर घाटाचा बेत पुढे ढकला आणि ते चाक उघडा; सगळीच चटका बसण्याइतकी गरम असतील तर स्विचचं सेटिंग पुन्हा बघा. चारही फार गरम नसतील तर खुशाल जा, करूळच्या उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. बोल्टवर काम भागवलं असेल तर मात्र कोल्हापूरच्या हद्दीतच राहा.